सवतीचं नाक

माझ्या सासूबाई त्यांच्या सवतीला गळ्यात घालतात. हे मी आमच्या भागाबाहेर कुठे बोलले की समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवतो, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

सासरे बिजवर होते. पहिली बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेली. मूल नव्हतं. वर्ष सरायच्या आत सासऱ्यांचं दुसरं लग्न झालं आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, औशाच्या घरात आल्या. त्या आल्या त्याच दिवशी त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या दोऱ्यातला एक टाक पडला. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली आकृती. देव्हाऱ्यात खंडोबाचा, भवानीचा असतो तसाच, पण हा अंगठ्याच्या पेराएवढा, आणि त्यावर देव नाही, पदर घेतलेली बाई. ती पहिली. घरात तिला सगळे ‘थोरली’ म्हणतात. नवी साडी आली की आधी थोरलीला लावायची, मग नेसायची. गोडधोड केलं की आधी तिला दाखवायचं. रोज आंघोळ झाली की टाक चिंचेने आणि राखेने घासायचा, पुसायचा आणि पुन्हा गळ्यात घालायचा.

सासरे वारले तेव्हा बायका मंगळसूत्र काढायला आल्या. टाकाला हात लावणाऱ्या बाईचं मनगट आत्याबाईंनी धरलं. म्हणाल्या, “ह्यो नवऱ्याचा न्हाई. ह्यो आमचा दोघींचा हाय.” टाक राहिला.

मी आणि माझे पती लातूरला राहतो, आत्याबाई औशालाच असतात. मी लातूरला दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर पेशंटच्या दातांचं माप घेतात, ते आमच्याकडे येतं. आम्ही ते स्कॅन करतो, कॉम्प्युटरवर दाताची कॅप किंवा ब्रिज डिझाइन करतो, मशीन तो कोरून किंवा छापून काढतं, आणि मग हाताने घासून, रंग देऊन तो डॉक्टरांकडे जातो. डिझाइन आणि वेळेत माल पोचवणं ही दोन्ही कामं माझ्याकडे आहेत. मी याद्या करते. सकाळची यादी, संध्याकाळची यादी, आणि कोणी काय विसरलं त्याची वेगळी. घरच्यांना याचा त्रास होतो, पण आमच्याकडे गॅस कधी संपत नाही.

त्या वर्षीच्या माझ्या यादीत सगळ्यात वर ‘आत्याबाईंचे गुडघे’ होतं. दोन्ही गुडघे गेले होते. भिंतीला धरून चालायच्या. ऑपरेशनला त्या बऱ्याच वर्षांनी हो म्हणाल्या होत्या. डॉक्टरांची तारीख मिळाली होती, रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या, घरातल्या संडासात धरायला दांडी बसवून झाली होती. तेवढ्यात भावकीत एक बारसं आलं.

बारशाला आत्याबाईंच्या शेजारी त्यांची एक चुलत जाऊ बसली होती. तिने आत्याबाईंच्या गळ्यातला टाक उलटा-सुलटा करून बघितला. टाकावर काहीच नव्हतं. पदराची एक रेघ, आणि चेहऱ्याच्या जागी नुसती चकाकी, मध्ये बारीक भोक. ती बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “अगं माय! थोरलीचं तोंडच ऱ्हायलं न्हाई. सवतीवरचा राग असा चिंच-राखेनं काढलास व्हय गं?”

बायका हसल्या. आत्याबाईही हसल्या. घरी आल्यावर जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन केला.

“सूनबाई, डाक्टरला सांग, तारीख पुढं ढकल.”

“का? ताप आहे?”

“थोरलीचं तोंड नीट करून द्या आधी. मग माझे गुडघे उघडा न्हाईतर फोडा. तिचं तोंड असं पुसून मी टेबलावर जाणार न्हाई. काय बरं-वाईट झालं तर वर गेल्यावर ती इचारंल ना, का गं, माझं तोंड कुठाय?”

माझे पती फोन घेऊन म्हणाले, “आई, नवा टाक करून घेऊ. बाजारात मिळतो.” त्यावर फोन बंद झाला.

तारीख पुढे ढकलायची म्हणजे पुन्हा तपासण्या आणि माझी पुन्हा सुट्टी. मी यादीत गुडघ्यांच्या वर ‘टाक’ लिहिलं आणि रविवारी औशाला गेले.

औशात टाक करणारा एक सोनार आहे. बाजाराच्या मागच्या बोळात त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, एक भट्टी आणि भिंतीवर मुख्यमंत्र्यांपेक्षा जुनं कॅलेंडर. त्याच्याकडे पितळी ठशांचा डबा होता. ठशावर चांदीचा पत्रा ठेवायचा, वर शिशाचा तुकडा ठेवून हातोडा मारायचा, की आकृती उठते. मग मागच्या पोकळीत लाख भरायची आणि तांब्याची पाठ लावायची. त्याने डब्यातून एक ठसा काढला.

“ही बाई. सगळ्या बायांना हीच चालती.”

आत्याबाईंनी ठसा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. “ही कोण?”

“बाई हाय की, काकू.”

“आसंल. थोरली न्हाई. हिचे डोळे बघ, पैसे मागायला आल्यासारखी बघती.”

“काकू, तुमच्या थोरलीचा फोटो हाय का?”

“आमच्यात तवा फोटू कुठं काढत होते? आन् मी तिला बघितलं बी न्हाई. ती गेल्यावर आले मी.”

सोनाराने माझ्याकडे पाहिलं. ज्या बाईला कधी पाहिलंच नाही ती ही नाही, असं आत्याबाई ठामपणे सांगत होत्या, आणि मला ते पटत होतं. पन्नासेक वर्षं रोज जी आकृती बोटाखाली होती, ती त्यांना माहीत असणारच.

सोनार म्हणाला, ठसा कुठलाही ठरला तरी जुनी चांदी नव्या टाकात घालावी लागते, म्हणून जुना आधी उघडतो. त्याने तांब्याची पाठ सोडवली, टाक चिमट्यात धरून आचेवर फिरवला. लाख वितळून गळली. तो टाक मुशीत टाकणार एवढ्यात मी हात धरला. दातांची कॅप हातात आली की मी आधी तिची आतली बाजू बघते, कारण कॅप बसणार की नाही ते आतून कळतं. सवयीने मी टाकाची आतली बाजू बघितली.

आत थोरली होती.

घासलं होतं ते बाहेरून. आतून लाखेखाली कोणाचा हात पोचला नव्हता. खोलगट, उलटी, पण पुरी होती. भिवया, डोळे, हनुवटी, पदराच्या चुण्या, छातीशी धरलेल्या हातात कमळासारखं काहीतरी. फक्त एक अडचण होती. चेहऱ्यावर सगळ्यात उंच असतं नाक, म्हणून बाहेरून सगळ्यात जास्त झिजलं होतं नाक, इतकं की पत्रा फाटून तिथे भोक पडलं होतं. आतूनही त्या जागी भोकच.

“नाक न्हाई,” सोनार म्हणाला.

“बाकी हाय ना?” आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी टाक घेतला, दिव्याकडे धरला आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. “हां. हीच ती. आशीच बघायची माझ्याकडं.”

मी टाक रिकाम्या काडेपेटीत घालून लातूरला नेला. आतली बाजू उलटी असते, पण उलट्याचं सुलटं करणं हे आमचं रोजचंच काम आहे, दातांचं माप उलटंच येतं. स्कॅन छान आला. पडद्यावर थोरली टाकाच्या कितीतरी पट मोठी होऊन समोर आली. मी भोक निवडलं आणि ते भरायची सूचना दिली. आमचं सॉफ्टवेअर दातांसाठी बनलेलं आहे. रिकामी जागा दिसली की ते तिथे दात सुचवतं. त्याने थोरलीच्या दोन डोळ्यांच्या मध्ये दाढ बसवली. चांगली दाढ होती, चारही टोकं नीट. मी ती काढली. मग त्याने सुळा सुचवला. सुळा एकवेळ नाकाला जवळचा होता. माझ्या शेजारचा सहकारी म्हणाला, “राहू द्या मॅडम, लहान आकारात कोणाला कळणारे?”

“माझ्या सासूला.”

प्रश्न असा होता की नाक कुठून आणायचं. मी आत्याबाईंना फोनवर अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, “मुखेडला हाय की.”

थोरलीचं माहेर मुखेडचं. दुसरीला पहिलीच्या माहेरची लेक मानतात, त्यामुळे आत्याबाईंना दोन माहेरं आहेत आणि दिवाळीला दोन साड्या येतात. मुखेडला आता थोरलीची धाकटी बहीण राहते. थोरली गेली तेव्हा ती परकर नेसणारी पोर होती. ती आत्याबाईंना आक्का म्हणते, कारण आक्काच्या जागी त्या आल्या. मी तिला मावशी म्हणते. थोरलीला पाहिलेलं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

आत्याबाई गाडी करून यायला तयार नव्हत्या. त्यांच्या वयाला एसटीचं तिकीट माफ आहे, ते सोडून कोणी दुसऱ्या गाडीने जातं का? मी खालून ढकललं, कंडक्टरने वरून ओढलं, पुढच्या सीटवरच्या एका गृहस्थांनी देवाचं नाव घेतलं, आणि आत्याबाई बसमध्ये चढल्या. अहमदपूरला गाडी बदलताना हेच पुन्हा.

मुखेडला मावशी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. चहा झाला. आत्याबाईंनी सरळ विचारलं, “थोरलीचं नाक कसं होतं गं?”

मावशींनी शेंग खाली ठेवली. “नाक? आमच्या बापाचं. हे बघ.” त्यांनी स्वतःच्या नाकाकडे बोट केलं. “आमच्या घरात सगळ्यांना येकच नाक हाय. पोराला, नातीला. वाटणी झाली, जमीन गेली, नाक ऱ्हायलं.”

ते नाक खरंच बघण्यासारखं होतं. कपाळातून सरळ निघालेलं, मध्ये एक उंचवटा, आणि टोकाला किंचित खाली वळलेलं.

“मावशी, तुमच्या नाकाचं माप घेऊ का?” मी म्हटलं.

“फितीनं?”

“नाही. दातांचं घेतात तसं.”

मी पिशवीतून सामान काढलं. माप घ्यायची गुलाबी पावडर, रबराचा वाडगा, पळी, प्लास्टर, कापूस. ही पावडर पाण्यात कालवली की लापशीसारखी होते आणि थोड्याच वेळात रबरासारखी घट्ट बसते. तिला पुदिन्याचा वास येतो. मावशींना मी आडवं केलं, नाकपुड्यांत कापसाचे बोळे घातले.

“नाकात काय घालून राहिलीस गं?”

“पावडर आत जाऊ नये म्हणून. तोंडाने श्वास घ्या. आणि घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. बोललात तर नाक वाकडं येईल.”

“आन् हे निघलं न्हाई तर?”

“निघतं.”

“आजवर किती जणींच्या नाकावर लावलंस?”

“तुम्ही पहिल्या.”

मावशींनी आत्याबाईंकडे बघितलं. “आक्का, तुझी सून मला मारती बघ,” एवढं म्हणेपर्यंत मी गुलाबी लापशी त्यांच्या नाकावर ओतली होती. त्या गप्प झाल्या. तोंड उघडं, डोळे आढ्याकडे, चेहऱ्याच्या मध्यभागी गुलाबी ढेकूळ.

मी कडेला बोट लावून घट्ट झालंय का ते बघत होते. आत्याबाई मावशींच्या उशाशी बसल्या होत्या, गुडघे पसरून. त्या भिंतीकडे बघून बोलायला लागल्या.

“तुला बोलता येत न्हाई तवर सांगते. बारशात ती बया बोलली ते समदं खोटं न्हाई. पयली काही वरसं मी रागानंच घासायची. घरात जो त्यो थोरलीचं नाव घ्यायचा. थोरलीच्या हातची भाकरी अशी, थोरलीची बोली तशी. मी समदं ऐकून घ्यायची आन् सकाळी हिला धरून घासायची. राखेत वाळू बी घालायची कधी कधी.”

मावशींचे डोळे आढ्यावरून आत्याबाईंकडे वळले. मी म्हटलं, “हलू नका.”

“मग पोरं झाली. मग मला येळ कुठं होता? दिवसभरात तेवढाच येळ माझा. हिला घासताना मी बोलायची हिच्याशी. सासूनं असं केलं, ह्यांनी तसं केलं. दुसऱ्या कुणाला सांगणार? हिला ठाव होतं ते घर. त्यात राग न्हवता गं. पर हात त्योच होता ना. हाताला काय कळतंय, पयल्या वरसाचं घासणं कोणतं आन् नंतरचं कोणतं? तोंड गेलं ते दोन्हींनी गेलं.”

मावशींच्या घशातून काहीतरी आवाज आला. लापशी अजून बसली नव्हती.

“मावशी, अजून थोडं,” मी म्हटलं.

घट्ट झाल्यावर माप एका झटक्यात निघालं. नेमकं त्या क्षणी शेजारच्या बाई वाटीभर दही घेऊन आल्या, मावशींच्या नाकाला काय झालं म्हणून आरडाओरडा झाला, तोंड धुवायला पाणी तापवलं गेलं. बोलणं राहून गेलं ते राहूनच गेलं. मी मात्र तिथेच स्वयंपाकघरात प्लास्टर कालवून मापात ओतलं, कारण ही पावडर वाळली की आकसते आणि लातूरपर्यंत नाक बारीक झालं असतं. मावशींनी मला त्यांची स्टीलची वाटी वापरू दिली नाही. “पुन्हा वरण कुणी खायचं त्यात?” परतीच्या एसटीत प्लास्टरचं नाक माझ्या डब्यात होतं, खाली ओला रुमाल, वर सुका.

लॅबमध्ये ते नाक काही दिवस लोकांच्या जबड्यांच्या रांगेत ठेवलं होतं. मी ते स्कॅन केलं, लहान करत करत तिळाएवढं केलं आणि थोरलीच्या भोकावर बसवलं. मला काळजी होती की म्हातारीचं नाक तरुण बाईच्या चेहऱ्यावर कसं दिसेल. तिळाएवढ्या जागेत वय मावत नाही. कडा जुळवल्या तेव्हा थोरली एकदम कोणीतरी खरी बाई दिसायला लागली.

नवा ठसा आम्ही दातांच्या सांगाड्याला वापरतो त्या धातूत ओतला. मशीनने आधी मेणासारखा नमुना छापला, मग ओतकाम, मग घासणं. औशाला सोनाराने तो नखाने वाजवून बघितला.

“हे पितळ न्हाई.”

“दातांचा धातू आहे.”

“मग चावंल मला,” तो म्हणाला आणि फळीवर ठेवला.

पत्र्यासाठी जुना टाक वितळवायला हवा होता. इथे आत्याबाई अडल्या. एकदा वितळला की मागे जाणं नाही.

“आता ती कुठाय?” त्यांनी मला विचारलं.

“कॉम्प्युटरमध्ये.”

“लाईट गेली तर?”

“तरी राहते.”

“दुसरीकडं कुठं ठेवली का? ह्याच्या हातून ठसा बिघडला तर?”

मी पर्समधून पेनड्राइव्ह काढून दाखवला. त्यातही होती. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, मग गळ्यातला रिकामा काळा दोरा काढून त्याच्या भोकातून ओवला आणि पेनड्राइव्ह गळ्यात घातला. टाक मोडला की गळा रिकामा ठेवायचा नसतो. टाक तयार होईपर्यंत थोरली त्यांच्या गळ्यात निळ्या प्लास्टिकची होती. सकाळी तिला हळदकुंकू लागायचं. मी फोनवर सांगितलं, त्याला ओलं लावू नका, आतली पिन खराब होते. त्या म्हणाल्या, “टोपणाला लावते.” घासण्याचं मी विचारलं नाही.

मग जुना टाक मुशीत गेला. आत्याबाईंनी तेवढ्यापुरतं तोंड फिरवलं. सोनाराने चांदीत थोडी नवी घातली, ठोकून पत्रा केला, ठशावर ठेवला, वर शिसं ठेवलं आणि हातोडा मारला. पदर उत्तम उठला. डोळे उत्तम. नाकावर पत्रा फाटला. अगदी जुन्या भोकाच्या जागी.

दुसरा पत्रा. पुन्हा तिथेच.

“ताई, नाक लई उंच हाय. चांदीला एवढं सोसत न्हाई. निम्मं करा.”

“निम्मं करायचं न्हाई,” आत्याबाई फळीवरून म्हणाल्या. “मुखेडहून आणलंय.”

“काकू, मी काय म्हणतो, देवाच्या ठशाला बी एवढं नाक नसतंय.”

“देवाला सासर हाय का?”

सोनार माझ्याकडे वळला. “ठसा तुमचा चुकलाय, ताई. तुमच्या मशीनला हात न्हाई. चांदी कशी ताणती ते तिला ठाव न्हाई.”

“आणि तुम्ही एका ठोक्यात उठवायला बघताय,” मी म्हटलं. “पत्रा मऊ करा मधूनमधून.”

“तुम्ही मला शिकवणार का आता?”

“तुम्ही मला शिकवताच आहात की.”

आमचं बराच वेळ चाललं. आत्याबाई एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, “दोघं बी चुकलात म्हणा ना बाबा. मला गुडघे करायचे हायत.”

मग दोघांनीही आपलं आपलं दुरुस्त केलं. मी लॅबमध्ये जाऊन नाकाची उंची तीच ठेवली, पण दोन्ही बाजू सरळ उभ्या होत्या त्या उतरत्या केल्या, कॅप दातावर बसवताना अडकू नये म्हणून करतो तशा. नवा ठसा ओतला. सोनाराने त्यावर पत्रा हलक्या हाताने थोडा उठवला, काढला, लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला, पुन्हा ठेवला, पुन्हा थोडा उठवला. असं बऱ्याच वेळा केलं. शेवटचा ठोका मारून त्याने शिसं उचललं आणि पत्रा माझ्यापुढे सरकवला. नाक आलं होतं, उंचवट्यासकट. त्याने स्वतःच्या नाकावर एकदा बोट फिरवलं आणि लाख तापवायला घेतली.

आत्याबाईंनी टाक गळ्यात घातला. एवढंच विचारलं, “डाक्टरची तारीख कवाची हाय?”

ऑपरेशनच्या सकाळी लातूरच्या दवाखान्यात मी फाइल, रिपोर्ट, आधार कार्ड, थर्मास, सुटे कपडे असं सगळं यादीप्रमाणे लावून बसले होते. मुखेडहून मावशी पहाटेच्या गाडीने आल्या होत्या, धपाटे आणि दही घेऊन. पेशंटला काही खायचं नव्हतं, ते त्यांना पटत नव्हतं.

नर्स आली. “आजी, बांगड्या, गळ्यातलं, सगळं काढायचं.”

“ह्यो दागिना न्हाई.”

“मग काय आहे?”

“माणूस हाय.”

नर्सने टाकाकडे पाहिलं. तिला दुसरे पेशंट होते. “आजी, आत फक्त पेशंटला परवानगी आहे. माणसांनी बाहेर थांबायचं.”

आत्याबाईंना हे नियमात बसणारं वाटलं असावं. त्यांनी दोरा डोक्यावरून काढला, माझ्याकडे पाहिलं, मग मावशींकडे, आणि टाक मावशींच्या हातात दिला. मावशींनी तो तेव्हा पहिल्यांदा बघितला. स्ट्रेचर गेलं.

मावशी टाक तळहातावर घेऊन खिडकीपाशी गेल्या. बराच वेळ त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी न राहवून विचारलं, “कसा झालाय, मावशी?”

“डोळे तिचे न्हाईत,” मावशी म्हणाल्या. “पदर बी तिचा न्हाई. ती असा पदर कवाच घेत न्हवती, वरडा खायची आईचा. हातात फूल? हातात तिच्या कायम विळा. ही बाजारातली कुणीतरी बाई हाय.” त्यांनी टाक जवळ नेला. “नाक तेवढं तिचं हाय.”

म्हणजे आत्याबाई इतकी वर्षं ज्या बाईशी बोलत होत्या, ती ठशातली कोणीही होती. आणि आता, झिजून, वितळून, पुन्हा ठोकली गेल्यावर, तिच्यात पहिल्यांदा थोरलीचं काहीतरी आलं होतं. हे आत्याबाईंना सांगायचं की नाही ते माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. मी मावशींकडे बघितलं. त्यांनी टाक मुठीत मिटला आणि बाकावर बसून राहिल्या. दह्याचा डबा त्यांनी मला धरायला दिला.

दुपारी आत्याबाईंना खोलीत आणलं. जीभ जड होती, डोळे अर्धे मिटलेले. त्यांचा हात गळ्याशी गेला, गळा रिकामा लागला, तशी चुळबुळ सुरू झाली. मावशी उठल्या, डोकं उचलून दोरा घातला, टाक नीट मध्यावर आणला.

“बघितलंस?” आत्याबाईंनी विचारलं.

“बघितलं.”

“कशी हाय?”

मावशी पलंगाच्या कडेला बसल्या.

“हाय की. थोरलीच हाय,” मावशी म्हणाल्या. “आक्का, तवा तू माझ्या नाकावर चिखल आसताना बोललीस, मला बोलता आलं न्हाई. आता ऐक. थोरलीचा राग मला ठाव हाय. तिनं एकदा माझी येणी कापली व्हती, नुसती तिची फणी घेतली म्हणून. तू वाळू घालून घासलंस त्यात काय इशेष न्हाई. तू मेली असतीस आन् तुझ्या जागी ती टाक घालून फिरली असती ना, तर तिनं तुझं तोंड पयल्याच वरसात सपाट केलं असतं.”

आत्याबाई विचार करत पडून राहिल्या. औषधामुळे त्यांना वेळ लागत होता.

“खरं?”

“बापाची आन.”

“मग बरं झालं,” आत्याबाई म्हणाल्या, “मीच मागं ऱ्हायले.”

“हाव,” मावशी म्हणाल्या, आणि माझ्या हातातला दह्याचा डबा घेऊन उघडायला लागल्या.